नोकियनचा ‘न’ आणि फिनलंडची षष्ठी

एकेकाळी भारतात ज्याच्या-त्याच्या खिशात असलेला नोकियाचा फोन ज्या कंपनीचा, त्या कंपनीला नाव मिळालं ते फिनलंडमधल्या एका गावावरून. फ्रेड्रिक इडेस्टाम यांनी 1865 मध्ये तांपेरे शहरात कागदाच्या लगद्याची गिरणी काढली आणि तीन वर्षांनी जवळच्या नोकिया गावापाशी दुसरी. पुढे एक रबराचा आणि एक केबलचा कारखाना 1967 मध्ये याच कंपनीत विलीन झाला. 1988 मध्ये टायरचा धंदा पुन्हा वेगळा काढण्यात आला. ती टायरची कंपनी आजही चालू आहे आणि जगभर ‘नोकियन टायर्स’ या नावाने ओळखली जाते. फोन ‘नोकिया’ आणि टायर मात्र ‘नोकियन’, असं का?

शेवटचा ‘न’ ही छपाईची चूक नव्हे आणि जाहिरातवाल्यांची करामतही नव्हे. कंपनीचं फिनिश नाव ‘नोकियन रेंकात’ आहे. ‘रेंकात’ म्हणजे टायर, अनेकवचनी. ‘नोकियन’ म्हणजे नोकियाचे. मराठीत जे काम ‘चा-ची-चे’ करतात, ते फिनिशमध्ये हा एकटा ‘न’ करतो. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जिला आपण षष्ठी म्हणत होतो, ती ही.

हा ‘न’ एकदा ओळखीचा झाला, की फिनलंडच्या नकाशावर आणि दुकानांच्या पाट्यांवर तो सगळीकडे सापडायला लागतो. फिन लोक आपल्या देशाला ‘सुओमी’ म्हणतात. त्यांची मध्यवर्ती बँक ‘सुओमेन पांक्की’, म्हणजे सुओमीची बँक. राजधानीतलं सर्वांत मोठं दैनिक ‘हेलसिंगिन सानोमात’, म्हणजे हेलसिंकीच्या बातम्या. हेलसिंकीच्या मधून जाणारा हमरस्ता ‘मान्नेरहेइमिनतिए’: मार्शल मान्नेरहाइम यांचा रस्ता, ‘तिए’ म्हणजे रस्ता. बंदराच्या तोंडाशी बेटांवर पसरलेला किल्ला स्वीडिश राजवटीत 1748 पासून बांधला गेला आणि तेव्हा त्याचं नाव स्वीडिश होतं. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर, 1918 मध्ये, त्याचं नाव ‘सुओमेनलिन्ना’ झालं, म्हणजे फिनलंडचा किल्ला. आज तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

फिनिश ही मराठीच्या गोतातली भाषा नाही. फिनलंडच्या शेजारच्या स्वीडिश आणि रशियन या भाषा दूरच्या का होईना, मराठीच्या नात्यातल्या आहेत, कारण तिन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. फिनिशचं कूळ वेगळं, उरालिक. एस्टोनियन आणि हंगेरियन तिच्या नात्यातल्या. फिनिशला सुमारे 50 लाख लोकांची मायबोली म्हणता येईल. तिच्यात विभक्ती पंधरा आहेत, आणि हा आकडा ऐकूनच पुष्कळ लोक धसका घेतात. परंतु मराठी माणसाला घाबरण्याचं तितकंसं कारण नाही. घरात, घरातून, घराला, घराने, घराशी असं नामाच्या मागे काहीतरी लावत जाणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मालकीच्या बाबतीत तर फिनिश काही ठिकाणी मराठीपेक्षा सोपी आहे. मराठीत ‘घराचा दरवाजा’, ‘घराची खिडकी’, ‘घराचं छप्पर’ असं म्हणताना पुढच्या वस्तूचं लिंग पाहून प्रत्यय बदलावा लागतो. मराठी शिकणारे परप्रांतीय तिथेच अडखळतात. फिनिशमध्ये घराला ‘तालो’ म्हणतात. दरवाजा ‘तालोन ओवी’, खिडकी ‘तालोन इक्कुना’, छप्पर ‘तालोन कात्तो’. तिन्ही ठिकाणी तोच ‘न’. फिनिश नामांना लिंग नसतंच. सर्वनामालाही नसतं. ‘हॅन’ म्हणजे तो आणि ती दोन्ही, ‘हॅनेन’ म्हणजे त्याचं आणि तिचं दोन्ही.

अनेकवचन मात्र या सवलतीची भरपाई करून घेतं. ‘घरांचा’ हे ‘तालोयेन’ होतं इथपर्यंत ठीक. पण सफरचंदाला ‘ओमेना’ म्हणतात आणि ‘सफरचंदांचा’ म्हणायचं झालं तर ओमेनिएन, ओमेनोइदेन, ओमेनोइत्तेन, ओमेनोयेन आणि ओमेनाइन अशी पाच रूपं उपलब्ध आहेत. पहिली दोन-तीन नेहमीची, उरलेली क्वचित दिसणारी, पण पाचही ग्राह्य.

खरी गंमत प्रत्यय लागण्याआधी घडते. मराठीत ‘घोडा’ला थेट ‘चा’ लागत नाही, आधी ‘घोड्या’ करावं लागतं. पाण्याचा, भावाचा, विहिरीचा, सगळीकडे हीच तऱ्हा. याला आपण सामान्यरूप म्हणतो. फिनिशमध्येही नाम प्रत्ययाआधी अंग बदलतं, फक्त बदल बहुधा मधल्या व्यंजनात होतो. ‘पेक्का’ हे पुरुषाचं नाव आहे. पेक्काचं म्हणजे ‘पेकान’, दोन ‘क’मधला एक गळाला. छप्पर ‘कात्तो’, छपराचं ‘कातोन’. रस्ता ‘कातु’, रस्त्याचं ‘कादुन’: ‘त’चा ‘द’ झाला. हेलसिंकीचं ‘हेलसिंगिन’ झालेलं वर आलंच आहे. ‘तुर्कु’ या जुन्या राजधानीचं ‘तुरुन’ होतं, तिथे ‘क’ पार नाहीसा होतो. नियम असा, की शेवटी ‘न’सारखं व्यंजन येऊन अक्षर बंद झालं, की त्या अक्षराच्या आरंभीचं क, त किंवा प हे व्यंजन मऊ पडतं.

काही शब्दांत बदल याहून मोठा दिसतो. पाणी ‘वेसी’, पण पाण्याचं ‘वेदेन’. हात ‘कॅसी’, पण हाताचं ‘कॅदेन’. ‘स’चा ‘द’ कुठून आला? उत्तर इतिहासात आहे. फार पूर्वी पाण्याचा शब्द ‘वेते’ असा होता. शब्दाच्या शेवटच्या ‘ए’चा ‘इ’ झाला, आणि मग ‘ति’चा ‘सि’ झाला. प्रत्यय लागलेल्या रूपांत मात्र तो ‘ए’ शब्दाच्या शेवटी नव्हता, म्हणून तिथे ‘त’ टिकला आणि वरच्या नियमाने त्याचा ‘द’ झाला. म्हणजे मूळ शब्दाची खूण त्याच्या षष्ठीत उरली आहे.

परक्या नावांनाही यातून सुटका नाही. पुण्याचं ‘पुनेन’, मुंबईचं ‘मुंबाइन’. नावाच्या शेवटी व्यंजन असेल तर मध्ये एक ‘इ’ घालतात, म्हणून नागपूरचं ‘नागपुरिन’. मान्नेरहाइम यांच्या रस्त्यातला ‘इ’ असाच मधे आलेला आहे.

इथपर्यंत मालकाच्या नावाला लागणारा प्रत्यय पाहिला. मराठीची गोष्ट इथे संपते. फिनिशची संपत नाही, कारण तिथे मालकीची खूण वस्तूच्या नावालाही लागते. ‘माझं घर’ म्हणायला ‘माझं’ हा वेगळा शब्द लागत नाही, घरालाच शेपूट जोडलं की झालं. तालोनी म्हणजे माझं घर, तालोसी म्हणजे तुझं घर, तालोम्मे म्हणजे आमचं घर, तालोन्ने म्हणजे तुमचं घर. तृतीय पुरुषाला एकच रूप: तालोन्सा म्हणजे त्याचं, तिचं किंवा त्यांचं घर.

ही पद्धत भारतीय कानांना अगदीच परकी नाही. हिंदी चित्रपटगीतांत शेकडो वेळा आलेला ‘जानम’ हा शब्द फारसी ‘जान’ला ‘माझा’ या अर्थाचा ‘अम’ लागून झाला आहे. माझा जीव, म्हणून जानम. फारसीचं आणि फिनिशचं कूळ एक नाही, पण दोघींनी ही एक सोय आपापल्या परीने केली.

फिनिशमधले हे प्रत्यय मुळात सर्वनामंच होती, नामाला चिकटून झिजलेली. त्या नात्याच्या खुणा अजून दिसतात. ‘सिनॅ’ म्हणजे तू, आणि ‘तुझं’चा प्रत्यय ‘सी’. ‘मे’ म्हणजे आम्ही, आणि ‘आमचं’चा प्रत्यय ‘म्मे’. हाच ‘म्मे’ क्रियापदालाही लागतो: ‘मेनेम्मे’ म्हणजे आम्ही जातो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीचा भेद मात्र त्यात नाही. फिनलंडच्या राष्ट्रगीताचं नाव ‘माम्मे’ आहे, ‘मा’ म्हणजे देश. त्याचा अर्थ ‘आमचा देश’ घ्यावा की ‘आपला देश’, हे मराठी भाषांतरकाराने आपल्या मनाशी ठरवायचं.

आपलं आणि त्याचं, यांतला दुसरा एक भेद मात्र फिनिश फार काटेकोरपणे पाळते. मराठीत ‘पेक्काचं त्याच्या बायकोवर प्रेम आहे’ असं म्हटलं, तर ऐकणारा क्षणभर थांबतो. त्याच्या म्हणजे स्वतःच्या, की आणखी कुणाच्या? ‘आपल्या बायकोवर’ म्हटलं की शंका फिटते. फिनिशमध्ये ‘पेक्का राकास्ता वाइमोआन’ म्हणजे पेक्काचं स्वतःच्या बायकोवर प्रेम आहे (शेवटी ‘न्सा’ऐवजी त्याचंच दुसरं रूप आलं आहे). त्यात एक शब्द वाढवून ‘पेक्का राकास्ता हॅनेन वाइमोआन’ म्हटलं, की ती बायको दुसऱ्या कुणाची तरी झाली. नुसता प्रत्यय असला तर मालक वाक्याचा कर्ता, ‘हॅनेन’ आला तर मालक तिसराच. एका सर्वनामाने संसार मोडतो, म्हणून फिनिश शिकवणारे हे उदाहरण हमखास देतात.

प्रथम आणि द्वितीय पुरुषात असा गोंधळ संभवत नाही, म्हणून तिथे सर्वनाम ऐच्छिक. ‘तालोनी’ म्हणा किंवा जोर द्यायचा असेल तर ‘मिनुन तालोनी’ म्हणा, अर्थ तोच. आणि मालकाचं नाव दिलेलं असेल तर वस्तूला प्रत्यय लागतच नाही. पेक्काचं घर म्हणजे सरळ ‘पेकान तालो’. प्रत्यय फक्त सर्वनामांच्या मालकीचा.

आता या प्रत्ययांची जागा पाहू. ‘माझ्या घरांमध्येसुद्धा का?’ या प्रश्नासाठी फिनिशमध्ये एक शब्द पुरतो: ‘तालोइस्सानीकिनको’. तो फोडला तर ‘तालो’ घर, ‘इ’ अनेकवचन, ‘स्सा’ आत, ‘नी’ माझं, ‘किन’ सुद्धा, ‘को’ प्रश्नाचा. अनुक्रम ठरलेला, एकही तुकडा पुढेमागे होत नाही. विभक्ती आधी, मालक नंतर. हंगेरियन ही फिनिशच्या नात्यातली असूनही तिथे क्रम उलटा आहे: मालक आधी, विभक्ती नंतर. हंगेरियनमध्ये ‘पेतेरचं घर’ म्हणायला ‘पेतेर हाझा’ म्हणतात. तिथे खूण पेतेरला नाहीच, घरालाच आहे. मराठी मालकावर खूण करते, हंगेरियन वस्तूवर, आणि फिनिश नावाच्या बाबतीत मालकावर तर सर्वनामाच्या बाबतीत दोघांवर.

पंधरा विभक्ती, दोन वचनं, मालकीचे प्रत्यय आणि वर ‘किन’, ‘को’ यांसारखी शेपटं, हे सगळं एकमेकांत गुणलं तर एका नामाची किती रूपं होतील? फिनिश भाषाशास्त्रज्ञ फ्रेड कार्लसन यांनी ‘कौप्पा’ म्हणजे ‘दुकान’ या एकाच शब्दाची यादी करून दाखवली. ती 2253 रूपांची झाली. अर्थात कोणताही फिन माणूस ही पाठ करत नाही. तुकडे आणि त्यांचा क्रम माहीत असला की रूप बोलता बोलता घडतं.

एवढी सगळी नेमकी रचना असूनही एका ठिकाणी भाषेने हात आखडता घेतला आहे. ‘नी’ लागताना आधीचा षष्ठीचा ‘न’ गळतो आणि अनेकवचनाचा ‘त’ही गळतो. परिणामी ‘तालोनी’ म्हणजे माझं घर, ‘तालोनी’ म्हणजेच माझ्या घराचं, आणि ‘तालोनी’ म्हणजेच माझी घरं. फरक शेजारचे शब्द सांगतात. ‘तालोनी ओन वान्हा’मध्ये ‘ओन’ हे ‘आहे’ आलं, म्हणून माझं घर जुनं आहे. ‘तालोनी ओवात वान्होया’मध्ये ‘ओवात’ हे ‘आहेत’ आलं, म्हणून माझी घरं जुनी आहेत. ‘तालोनी कात्तो’ म्हणजे माझ्या घराचं छप्पर. आणखी एक चमत्कार असा, की रस्त्याचं ‘कादुन’ झालं तरी माझा रस्ता ‘कातुनी’च राहतो, आणि हाताचं ‘कॅदेन’ झालं तरी माझा हात ‘कॅतेनी’ होतो. मालकीच्या प्रत्ययापुढे व्यंजन मऊ पडत नाही. फिनिश शिकणारे इथे नेमके चुकतात, कारण षष्ठीचा नियम तोवर डोक्यात पक्का बसलेला असतो.

मालकी सांगायची तर ‘असणं’ही आलं. इंग्रजीसारखं मालकीचं स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही, फिनिशमध्येही नाही. मराठी माणूस ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणतो, फिन माणूस ‘मिनुल्ला ओन औतो’ म्हणतो. ‘मिनुल्ला’तला ‘ल्ला’ हा ‘वर, पाशी’ या अर्थाच्या विभक्तीचा प्रत्यय. माझ्यापाशी गाडी आहे, असा शब्दशः अर्थ. पण मराठी इथे फाटे फोडते: गाडी ‘माझ्याकडे’ असते, भाऊ ‘मला’ असतो आणि भूक तर ‘मला लागते’. फिनिशमध्ये तिन्हींना ‘मिनुल्ला ओन’ चालतं. गाडी, भाऊ, भूक, सगळं माझ्यापाशीच. गाडी नसेल तर वाक्य बदलतं, ‘मिनुल्ला एइ ओले औतोआ’, आणि त्यात गाडीच्या शब्दाचीही विभक्ती बदलते.

हे सगळं पुस्तकात आहे. हेलसिंकीच्या ट्राममध्ये मात्र ‘तालोनी’ क्वचितच ऐकू येतं. बोलताना लोक ‘मुन तालो’ म्हणतात. ‘मिनुन’चं ‘मुन’ झालं, ‘सिनुन’चं ‘सुन’ झालं, आणि वस्तूचा प्रत्यय सरळ वगळला गेला. मुन ॲइती म्हणजे माझी आई, सुन औतो म्हणजे तुझी गाडी. बोलीत मालकीची खूण पुन्हा एकाच ठिकाणी, मालकावर, आली आहे. मराठीच्या धर्तीवरच म्हणा ना. प्रमाण लेखनात ‘मिनुन तालो’ हे अजूनही चूक धरलं जातं. तिथे ‘मिनुन तालोनी’ किंवा नुसतं ‘तालोनी’ हवं.

तरीही बोलण्यातून प्रत्यय पूर्ण गेलेला नाही. ठरीव प्रयोगांत तो घट्ट बसला आहे. ‘मिएलेस्तॅनी’ म्हणजे माझ्या मते, मूळ अर्थ ‘माझ्या मनातून’. लाडाच्या शब्दांतही तो आहे: ‘राक्कानी’, माझ्या प्रिया. भाषणाच्या सुरुवातीला ‘युस्तॅवॅनी’, माझ्या मित्रांनो, असं म्हणतात. उलट एक जुना प्रयोग असा आहे, की ज्यात प्रत्यय मुळात आलाच नाही. ख्रिस्ती लोकांच्या ‘हे आमच्या पित्या’ या प्रार्थनेला फिनिशमध्ये ‘इसॅ मेइदॅन’ म्हणतात, म्हणजे ‘पिता आमचा’. फिनिशचा नेहमीचा क्रम ‘आमचा’ आधी असा आहे. इथे लॅटिन आणि स्वीडिश प्रार्थनेचा क्रम उतरला आणि तो आजतागायत टिकला. लिखित फिनिशची सुरुवातच धर्मग्रंथांपासून झाली: मिकाएल अग्रिकोला यांचं मुळाक्षरांचं पुस्तक 1543 मध्ये निघालं आणि त्यांनी केलेला नव्या कराराचा अनुवाद 1548 मध्ये.

समुद्रापलीकडच्या एस्टोनियात हाच प्रवास पूर्ण झाला आहे. एस्टोनियनने मालकीचे प्रत्यय टाकून दिले. तिथे माझं घर म्हणजे ‘मिनु माया’, प्रत्ययाचं नाव नाही. दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांत हा फरक स्पष्ट दिसतो, कारण त्यांची चाल एकच आहे. फ्रेड्रिक पासियुस यांनी ती बांधली आणि 1848 मध्ये ती हेलसिंकीत प्रथम गायली गेली. फिनलंडने तिला ‘माम्मे’ म्हटलं, ‘आमचा’ प्रत्ययात ठेवून. एस्टोनियाचं गीत ‘मु इसामा’, म्हणजे ‘माझी पितृभूमी’, या शब्दांनी सुरू होतं, आणि तिथे ‘मु’ हा ‘माझी’साठी वेगळा शब्द आहे.

फिनिशला तिसरी वाटही सापडली आहे. ‘ओमा’ म्हणजे स्वतःचा, आपला. फिनलंडच्या कर खात्याच्या ऑनलाइन सेवेचं इंग्रजी नाव ‘मायटॅक्स’ आहे, फिनिश नाव ‘ओमावेरो’. ‘वेरो’ म्हणजे कर. म्हणजे ‘माझा कर’ नव्हे, ‘आपापला कर’. वापरणारा बदलला तरी नाव बदलावं लागत नाही. हा शब्द म्हणींतही जुना आहे. ‘ओमा तुपा, ओमा लुपा’ म्हणजे आपली झोपडी, आपली मर्जी.

एस्पो, हेलसिंकी, तांपेरे इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांना हे व्याकरण केवळ कुतूहलाचं राहत नाही. फिनलंडचं नागरिकत्व हवं असेल तर भाषेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी बहुतेक जण ‘वायकेआय’ ही राष्ट्रीय भाषा-परीक्षा देतात, आणि तिच्या सहा स्तरांपैकी किमान तिसरा गाठावा लागतो. मराठी भाषकाने सुरुवात षष्ठीच्या ‘न’पासून करावी. सामान्यरूपाची सवय असल्याने व्यंजनांचे बदल त्याला लवकर जमतात. मित्रांशी बोलताना ‘मुन’ आणि ‘सुन’वर खुशाल भागवावं, कुणी हसणार नाही. अर्ज, निबंध आणि कार्यालयीन ईमेल लिहायला बसल्यावर मात्र ‘नी’, ‘सी’, ‘न्सा’ आठवणीने लावावेत.